डाळीचा प्रश्न

“काल रात्री या घरात कोण कोण झोपलं होतं?”

दारात आलेल्या पोरीनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. पायात अजून चपला, गळ्यात फोटोचं कार्ड, खांद्याला गोणीएवढी पिशवी, आणि चैत्रातल्या उन्हानं तोंड नुसतं भाजलेल्या वांग्यासारखं झालेलं. मी ओसरीवर बेदाण्याचा ढीग पुढ्यात घेऊन बसले होते. हातातलं सूप खाली ठेवलं.

“काय गं ए,” मी म्हटलं, “तुमच्यात माणूस दारात आलं की आधी पाणी मागतंय, का कोण कुठं झोपलं त्याची चौकशी करतंय?”

पोरगी हसली. हसण्यावरून माणूस कळतं. हिचं हसणं काही वाईट नव्हतं. चपला काढून ती खांबाला टेकून बसली, तांब्याभर पाणी प्याली, आणि पदरानं तोंड पुसायचं तर अंगात पंजाबी ड्रेस, म्हणून ओढणीनं पुसलं. नाव वृंदा. कोल्हापूरची. बायकांच्या तब्येतीचं सर्वेक्षण करत गावोगाव फिरत होती.

“मग माझी तब्येत बघ आन् लिही,” मी म्हटलं, “ठणठणीत. झालं तुझं काम. आता ह्या बेदाण्यातल्या काड्या वेच.”

“एवढ्यावर भागत नाही, आक्का. आधी घरातली माणसं लिहायची असतात. काल रात्री इथं झोपलेली.”

मला सगळा गाव आक्का म्हणतो. ही पण पाच मिनिटांत म्हणायला लागली, म्हणजे शेजारून शिकूनच आली असणार. मी सांगितलं, “मी, आमचे मालक, पोरगा आन् ही सून, उज्ज्वला. संपलं.”

“आणि या?”

तिनं बोट दाखवलं तिकडं माझी लेक शालन बसली होती. खांबाआड, पाठ आमच्याकडं करून, एकेक दाणा असा निवडत होती की जणू त्यात खडे असतात.

“ती लेक हाय. दिल्या घरची. तिला आमच्यात धरत न्हाईत.”

“पण काल रात्री झोपल्या इथंच ना?”

“इथंच झोपली की. माहेरी आली म्हंजे काय झाडावर झोपंल?”

“मग धरायच्या,” असं म्हणून पोरीनं लिहिलं पण. मला विचारलंसुद्धा नाही.

त्याला आता वीस-बावीस वर्षं होऊन गेली, पण ते “धरायच्या” अजून माझ्या कानात आहे. माझ्याच ओसरीवर बसून, माझ्याच घरात कोण धरायचं नि कोण नाही हे मला सांगणारी पहिली बाई ती. तोवर ते खातं माझ्याकडं होतं.

शालन माझी थोरली. कृष्णाकाठच्या गावाला दिलेली, लग्नाला तिसरं वर्ष लागलेलं. जावई साखर कारखान्यात कारकून. जत्रेला म्हणून शालन आली ती राहिलीच. आधी म्हणाली अंग दुखतंय. मग पित्त झालं. मग म्हणाली, बेदाणा उतरलाय, तुला हात लावते. लेक माहेरी चार दिवस लाडाची आणि पाचव्या दिवसापासून शेजारणीच्या तोंडाची. आमच्या बांधापलीकडची सुमन रोज सकाळी हाळी द्यायची, “आक्का, शालन हाय का अजून?” त्या “अजून”ला ती असा हेल काढायची की त्यावर मला गोधडी वाळत घालता आली असती.

आमच्या जमदाड्यांच्या घरची एक लेक कधी परत आली नव्हती, आणि माझ्या राज्यात येणार नव्हती. जावयाचा निरोप आला होता, शनिवारी न्यायला येतो. मी कळवलं, या. शालनला सांगितलं तेव्हा तिनं मान हलवली. उभी हलवली का आडवी, ते बघायला मी थांबले नव्हते.

तर त्या पोरीनं घरच्या बायकांची नावं लिहिली. मी तेव्हा पंचेचाळिशीत होते, म्हणजे पन्नाशीच्या आतल्या बायका धरायच्या त्यांच्या हिशेबात मीही बसत होते. मग तिनं एक तक्ता काढला, त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, “काही प्रश्न घरातल्या एकाच बाईला विचारायचे असतात. तक्त्यात शालनताई निघाल्या.”

“निघाली म्हंजे? हा काय मटका हाय?”

“तसंच समजा.”

“घरची कर्ती मी. गुरं, ढोरं, बेदाण्याची शेड, माणसं, सगळ्याला जबाब देणारी मी. आन् तुझा तक्ता पाव्हणीचं नाव काढतोय? त्याला म्हणावं परत बघ.”

“परत बघायची परवानगी नाही, आक्का. मी माझ्या मनानं निवडायला लागले तर सगळे मला बोलक्याच बायका देतील.”

हा मला टोला होता. मी ओळखला, पण पोरगी घामाघूम झाली होती म्हणून सोडून दिला. उज्ज्वलेनं मात्र सुटकेचा श्वास टाकला तो मला ऐकू आला. सुनेला मी तेव्हाच एकदा डोळ्यांनी बघून घेतलं.

“आता आम्हाला एकांत लागेल,” वृंदा म्हणाली.

“एकांत? अगं, ह्या घरात नव्या नवरा-नवरीला मिळाला न्हाई, तुला कुठला काढून देऊ?”

शेवटी दोघी बेदाण्याच्या खोलीत गेल्या. भरलेली खोकी रचून ठेवायची ती खोली. एकच दार, खिडकी नाही. शालन आत जाताना माझ्याकडं बघून गेली. मला वाटलं, काम टाकून जावं लागतंय म्हणून बघती आहे.

आता मी काही दाराला कान लावणारी बाई नव्हे. पण दार माझ्या घरचं, खोकी माझी, आणि रिकामी गोणी त्याच खोलीत होती. मी दार ढकलून आत गेले.

“आठवड्यातून किती वेळा डाळ शिजवता?” वृंदा विचारत होती.

शालन पदराचं टोक पिळत होती. मला ते बघवेना. “तूरडाळ,” मी म्हटलं. “रोज. वरण न्हाई असा दिवस ह्या घरात उगवत न्हाई. तिच्या सासरीबी तसंच असणार, चांगलं खातंपितं घर बघून दिलीया.”

“बरं,” म्हणून तिनं शांतपणे लिहिलं. मी गोणी घेऊन बाहेर आले.

आमचे मालक बाहेर बाजल्यावर पडले होते. मी म्हटलं, “सरकारनं पोरगी शिकवली, पिशवी दिली, कार्ड दिलं, आन् पाठवली कशाला? आपली डाळ मोजायला.”

“बरं झालं,” ते डोळे न उघडता म्हणाले. “तुझ्या वरणात डाळ किती असते ती कुणीतरी मोजायला पायजेच होती.”

तीस वर्षं माझ्या हातचं वरण ओरपून माणूस असं बोलतो. मी त्यांना त्या दिवशी ताक दिलं नाही.

थोड्या वेळानं चहा घेऊन गेले. पाहुण्याला चहा द्यायला काय परवानगी लागते? दार उघडलं तर, “आणि पालेभाजी?” वृंदा विचारत होती.

“मेथी, पोकळा, चाकवत,” मी कपबशी ठेवत म्हटलं. “शेपू तिला आवडत न्हाई. लहानपणापासनं. मला ईचार की, मी सगळं सांगते. तिला काय ठावं!”

“आक्का, त्यांचं त्यांनाच सांगू द्या.”

“सांगू दे बाई. एवढी कसली गुपितं असत्यात पालेभाजीत!”

तिसऱ्यांदा मी गेले ती चाळणी आणायला. चाळणी खरं तर उज्ज्वलेच्या पुढ्यात होती, पण ते मला आत गेल्यावर आठवलं. बघते तर शालनचा पदर डोळ्याला. नाक लाल. आणि समोर ती कोल्हापूरची पोरगी वहीत डोकं घालून, “दूध, दही रोज घेता का?”

“काय झालं गं?” मी म्हटलं.

“काय न्हाई आई,” शालन म्हणाली. “गंधकाची धुरी डोळ्यात गेली.”

बेदाणा पिवळाधमक राहावा म्हणून आम्ही त्याला गंधकाची धुरी देतो. ती डोळ्याला झोंबते हे खरं. पण धुरी द्यायची शेडवर, मळ्याच्या दुसऱ्या टोकाला. ती पण त्या वर्षीची देऊन कधीच संपली होती. मी तिथंच उभी राहिले. वृंदानं मान वर केली नाही. “ताक?” तिनं विचारलं.

मी चाळणी न घेताच बाहेर आले.

ओसरीवर सुमन टेकली होती. विरजण मागायला आले म्हणाली. सुमनच्या घरी दोन म्हशी आहेत, तिला विरजण कशाला लागतं! पण मोटरसायकलीच्या आवाजाला, परक्या माणसाला आणि दुसऱ्याच्या घरातल्या रडण्याला तिचा कान लगेच टवकारतो.

“ती सर्वेवाली तुझ्याकडं आली का?” ती म्हणाली. “सकाळी माझ्याकडं होती. लई ईचारत बसली होती.”

“आमच्याकडं तर नुसती डाळ आन् भाजी चाललीया.”

सुमन तोंडावर पदर धरून हसायला लागली. हसता हसता ठसका लागला तिला.

“अगं आक्का, तुझ्यासारखी शहाणी बाई गावात न्हाई म्हणत्यात, आन् तुला कळलं न्हाई व्हय? ती डाळ आपल्यासाठी असती. म्हंजे बाहेरच्यासाठी. माझी सासू आत आली की ती पोरगी म्हणायची, डाळ किती वेळा शिजवता? सासू गेली की गाडी परत मूळ रुळावर. सासू आली की डाळ, गेली की दुसरंच. माझी सासू अजून सांगतीया गावभर, सरकार डाळ वाटणार म्हणून.”

“दुसरं म्हंजे काय?”

सुमननं इकडंतिकडं बघितलं. आवाज खाली आणला. “नवरा मारतोय का. हात पिरगाळतोय का. आन् ते... आपलं, रातचं. मर्जी नसताना.”

“मग तू काय सांगितलंस?”

“न्हाई म्हणून सांगितलं. आमच्यात तसलं न्हाई.”

सुमनच्या घरची भांडी आमच्या ओसरीपर्यंत ऐकू येतात. मागच्या पोळ्याला तिचा कान सुजला होता तेव्हा हळद मीच उगाळून दिली होती.

“सुमन, पोळ्याला काय झालं होतं मग?”

“ते व्हय? ते मारणं न्हवं, आक्का. ते रागावणं. तिनं मारहाण ईचारली. मारहाण म्हंजे ती, पोलिसात जातीया ती. आमच्या ह्यांचं आपलं रागावणं असतंय.” तिनं विरजणाची वाटी उचलली. “पोरगी चांगली हाय पर. लई गोड बोलती. तिला उगंच वाईट कशाला सांगायचं?”

ती गेली. मी उन्हात उभी राहिले. पायाखाली फरशी तापलेली होती, पण ते मला बऱ्याच वेळानं कळलं.

डाळ बाहेरच्यासाठी असते. मी आत गेले, डाळ. परत गेले, पालेभाजी. तिसऱ्यांदा गेले, दूध, दही. आणि दह्याच्या प्रश्नाला माझी लेक रडत होती.

आमचे मालक उठले आणि खोक्यांकडं निघाले. मी आडवी आले. “कुठं?”

“खोकी मोजायची हायत.”

“न्हाई मोजायची. बसा बाजल्यावर.”

“अगं, माझीच खोकी...”

“तुमची हायत ती पळून जात न्हाईत. बसा म्हटलं ना!”

ते बसले. मग उज्ज्वला सुतळी आणायला निघाली, तिलाही परत फिरवलं. मी स्वतः बेदाण्याच्या खोलीच्या दाराबाहेर जाऊन उभी राहिले. आत जाणाऱ्याला अडवायला. दाराला पाठ लावून, दोन्ही हात कमरेवर, राखणदार उभा राहतो तशी. मनात म्हटलं, आता विचार बाई, काय विचारायचं ते. आता डाळीची गरज नाही. एकही माणूस आत येत नाही, माझी जबाबदारी.

दोघी बाहेर आल्या तेव्हा शालननं माझ्याकडं बघितलं नाही, थेट चुलीकडं गेली. वृंदा पिशवी आवरून निघाली. मी तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेले.

“काय म्हणाली माझी लेक?”

“सांगता येत नाही, आक्का.”

“मी तिची आई हाय.”

“म्हणून तर सांगता येत नाही.”

“तू मला तीन वेळा डाळ खाऊ घातलीस गं,” मी म्हटलं. “ह्या गावात मला एवढं कुणी फसवलं न्हाई.”

पोरीनं जीभ चावली. मग हसली, पण ते दारात आल्यावरचं हसणं नव्हतं. उन्हात पिशवी सावरत म्हणाली, “खरं सांगू? एवढं सुखी गाव मी पाहिलं नाही. ज्या बाईला विचारावं ती सुखात. कुणाला त्रास नाही, कुणाचं दुखणं नाही. जिल्ह्यात पहिला नंबर येईल तुमचा.”

“मग चांगलं हाय की.”

“हो. मला शाबासकीही मिळेल.” तिनं गळ्यातलं कार्ड सरळ केलं. “आक्का, मला प्रश्न छापून देतात, शब्द बदलायची मुभा नाही. मी जायचीच आहे. तुम्ही इथंच असता.”

एवढं बोलून ती रस्त्याला लागली. मी म्हटलं ना, हसण्यावरून माणूस कळतं.

दुपार कलल्यावर मी आणि शालन परत बेदाणा निवडायला बसलो. शेजारी शेजारी, दोघींची तोंडं ढिगाकडं. मी मुद्दामच तशी बसले. आपल्या माणसाचं तोंड बघत काही गोष्टी विचारता येत नाहीत.

“त्या पोरीनं जबरदस्तीचं ईचारलं का?”

शालनचा हात थांबला. मग परत चालू झाला. “व्हय.”

“मग?”

“न्हाई म्हणाले.”

“मी बाहेर राखण करत उभी होते. कुणी आत येणार न्हवतं.”

“तुझी पावलं दिसत होती, आई. दाराखालनं. सगळा वेळ.”

घ्या! म्हणजे मी राखण केली ती माझ्यापासूनच कुणी करायला पाहिजे होती. आत असले तरी मी, बाहेर असले तरी मीच. मला हसू आलं असतं, दुसऱ्या कुणाच्या घरचं असतं तर.

“आन् मी नसते तर?”

ती बराच वेळ दाणे उलटेपालटे करत राहिली. “तरीबी काय सांगणार? जबरदस्ती परक्याची असती ना आई. लग्नाच्या नवऱ्याची कशी म्हणायची?”

“मग नवऱ्याची काय म्हणायची?”

“त्याला शब्द न्हाई,” ती म्हणाली.

मी चौथीपर्यंत शिकले, तेही पावसाळा सोडून. पण बोलण्यात मला कुणी हरवलेलं नाही. सासूला, दिराला, व्यापाऱ्याला, तलाठ्याला, ज्याच्या त्याच्या मापाचा शब्द माझ्या तोंडात तयार असतो. आणि माझ्या पोटची पोर म्हणत होती, शब्द नाही. छापील प्रश्नात तिला बसेल असा नव्हता, आणि मी तिला दिलेला नव्हता.

मग मी शब्द सोडून दिला.

“शालन,” मी म्हटलं, “तिथं सांज व्हायला लागली की तुला कसं वाटतं गं?”

मी काड्या वेचत राहिले. आमच्या दोघींच्या मधे बेदाण्याची एक छोटी रास झाली, ती मी बाजूला सारली.

“दिवा लावायची वेळ झाली की हात गार पडत्यात,” ती म्हणाली. “भांडी घासायला काढते परत परत. घासलेलीच घासते. सासूबाई म्हणत्यात, किती कामसू सून.” तिचा आवाज अगदी बारीक झाला. “मी नको म्हणते, आई. रोज म्हणते. बरं नसलं तरी म्हणते, पाळी असली तरी म्हणते. ते हसतात. मारत न्हाईत कधी. शिवी न्हाई. हसतात, आन् म्हणतात, बाईचं नको म्हंजे लाजणं असतंय.”

मी तिच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर ती गप्प झाली असती. संध्याकाळ झाली, दिवे लावायची वेळ झाली, तेव्हा मी उज्ज्वलेला हाक मारून दिवा लावायला सांगितला आणि शालनचा हात माझ्या हातात घेतला. बेदाण्याचा चिकटा होता दोघींच्या हाताला. हात उबदार होता.

शनिवारी जावई आले.

आमच्या जावयाबद्दल गावात कुणी वाईट बोललं तर ते खोटं निघालं असतं, असा माणूस. सुपारीचं खांड नाही, आवाज कधी चढत नाही. नाव संपतराव. मोटरसायकल फाटकाशी लावली, पेढ्याचा पुडा उज्ज्वलेच्या हातात दिला, माझ्या पाया पडले. “मामी, यंदा बेदाण्याला दर कसा काय?” अगदी आपुलकीनं विचारलं. दोन-अडीच वर्षं मी ह्या पायापडण्यावर खूश होते.

मी पुरणपोळ्या केल्या होत्या. जावई आलेत, तर पुरण नको? पाट मांडले, रांगोळीची रेघ ओढली, आमचे मालक आणि जावई जेवायला बसले. वाढायला मी. शालन आतल्या दाराशी उभी होती. तिला मी सांगितलं होतं, पिशवी भरायची नाही, पण त्याहून जास्त काही सांगितलं नव्हतं.

दोन पोळ्या जावयांनी आवडीनं खाल्ल्या. तिसरी मी आग्रहानं वाढली. “बास मामी,” म्हणाले, हसले, खाल्ली. आमच्यात जावयाला आग्रह केला नाही तर जेवण झालंच नाही. चौथी वाढली.

“नको नको, मामी. पोट भरलं.”

“असं कसं? तरणी माणसं तुम्ही.” मी पाचवी उचलली.

“अहो, खरंच नको.” त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

हात धरला की थांबायचं, हीसुद्धा आमचीच रीत. मी हातावरच पोळी ठेवली, आणि वरून तुपाची धार सोडली. तूप कोमट होतं, मी काही निर्दयी नाही. बोटांच्या फटींतून ते खाली ताटात गळायला लागलं. आमचे मालक हसले. त्यांना वाटलं, सासूचं कौतुक उतू चाललंय.

“मामी!” जावई अजून हसत होते, पण हसणं आता नुसतं ओठावर होतं. “मी नको म्हटलं की.”

“व्हय की. ऐकलं मी.” सहावी पोळी मी पाचवीवर ठेवली. “पर नको म्हंजे लाजणं असतंय, न्हवं पाव्हणं?”

संपतरावांचा हात तसाच राहिला, वर दोन पोळ्या घेऊन. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग दाराकडं. शालन तिथं होती, आणि पहिल्यांदाच तिनं मान खाली घातली नव्हती.

“अगं, बास की आता,” आमचे मालक म्हणाले. “ते नको म्हणत्यात तर...”

“तुम्ही मधी बोलू नका. आमचं सासू-जावयाचं आपसातलं हाय.”

सातवी पोळी माझ्या हातात होती. ती मी वाढली नाही. जावयांनी हात पोळ्यांखालून काढून घेतला. बोटांवरचं तूप कशाला पुसावं त्यांना कळेना.

“शालन काही बोलली का तुमच्याजवळ?” त्यांनी हळूच विचारलं. आवाज तेव्हाही चढला नव्हता.

“बोलायला तिला शब्द मिळाला न्हाई. म्हणून मी वाढून सांगितलं.”

“तयारी करायला सांगा तिला. ऊन उतरलं की निघू.”

“तुम्ही निघा. ती येणार न्हाई.”

“मामी, लोक काय म्हणतील?”

“लोकांचं मी बघते. माझ्या तोंडापुढं लोक किती वेळ टिकत्यात ते तुम्हाला ठावं हाय.” मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं केला. “हात धुवा. तुपाचा हात घेऊन मोटरसायकल चालवू नये.”

जावयांनी हात धुतले. पाया मात्र पडले नाहीत. मोटरसायकलीचा आवाज ओढ्यापलीकडं जाईपर्यंत आमच्या घरात कुणी हललं नाही. बांधापलीकडं सुमनची मान वर आलेली मला दिसली आणि मी तिच्याकडं असं बघितलं की ती मान पुन्हा आठवडाभर वर आली नाही.

आमचे मालक ताटावरून अर्धे उठले होते. त्यांना पुरतं काही कळलं नव्हतं, आणि जेवढं कळायचं तेवढं कळलं होतं. ते तसेच उठले. फाटकापर्यंत चालत गेले आणि कडी घालून आले. आमच्या मळ्याचं फाटक दिवसा कधी लावत नाहीत.

मी जावयाचं ताट उचललं, ताटाखालचं तूप पुसलं, आणि स्वच्छ ताट मांडलं. शालन येऊन त्याच पाटावर बसली. लेकीनं असं बापाच्या शेजारी पाटावर बसायची आमच्यात पद्धत नाही. बसली.

मी एक पोळी वाढली. तिनं खाल्ली. दुसरी वाढली, तीही खाल्ली. तिसरी माझ्या हातात होती. जमदाड्यांच्या घरात तिसरीला कुणी नाही म्हटलेलं मी ऐकून घेत नाही, आणि शालन महिनाभरात पोटभर जेवलेली नव्हती.

“बास, आई,” ती म्हणाली.

मी पोळी परत दुरडीत ठेवली.